प्रार्थना कीटकांची बेटे : समुद्रातली आणि शहरातली

शंकाकार : उष्णकटिबंधातील बेटांवरच आढळणाऱ्या प्रार्थना कीटकांच्या एखाद्या प्रजातीविषयी छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या रहिवाशाने आस्था का बाळगावी, या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. प्रशांत महासागरात, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर गालापागोस बेटे आहेत. तेथील प्रार्थना कीटकाचे वर्णन अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ सॅम्युएल स्कडर यांनी १८९३ मध्ये केले आणि त्याला ‘गालापागिया सॉलिटेरिया’ हे नाव दिले. प्रजाती म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींना एकत्र ठेवणारा गट. पण गालापागिया या प्रजातीत ही एकच जाती आहे. ज्या गटात एकच सदस्य आहे तो गट कोणते नाते सांगतो, हे स्पष्ट होत नाही. शिवाय जे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले, ज्याच्या भोवती औरंगजेबाच्या काळात तट उभा राहिला, आणि ज्याच्या जुन्या भागात आज भाजीमंडई, कापडाची दुकाने आणि घड्याळाचा मनोरा एकमेकांना खेटून उभे आहेत, त्या शहराचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही. बेटावरच्या कीटकाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, परंतु ते दूरच्या वस्तूचे आकर्षण आहे. त्यातून जवळच्या भूमीविषयी काही कळते असे मानणे घाईचे ठरेल.

जिज्ञासू : एका सदस्याच्या गटाविषयीचा आक्षेप रास्त आहे, म्हणून अधिक भरीव उदाहरण घेणे योग्य होईल. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर कॅलिमँटिस, एपाफ्रोडिटा आणि गोनॅटिस्टा अशा तीन प्रजाती आढळतात. यांपैकी एकीचे शरीर झाडाच्या सालीसारखे चपटे व करडे, दुसरीचे वाळक्या पानासारखे, तर तिसरीचे सडपातळ. त्यामुळे दीर्घकाळ त्यांना दिसण्यावरून वेगवेगळ्या कुलांत, म्हणजे प्रजातींहून मोठ्या गटांत, ठेवले जात होते. गॅव्हिन स्वेन्सन आणि हेन्रिके रॉड्रिग्ज यांनी २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे दाखवून दिले की, या तिन्ही एकाच पूर्वजाच्या वंशज आहेत, आणि तो पूर्वज जुन्या जगाच्या उष्णकटिबंधातून क्रिटेशियस कल्पात, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर वावरत असतानाच, तिकडे पोचला होता. आज कॅरिबियन समुद्रात दिसणारी बेटे त्यांच्या सध्याच्या रूपात त्यानंतर फार उशिरा आकाराला आली. याचा अर्थ असा की, बेटावरची प्रजाती हा केवळ बेटाचा रहिवासी नसतो. भूमी कशी तुटली, कशी जोडली गेली आणि कोणता प्राणी कोणते अंतर ओलांडू शकला, याचा तो पुरावा असतो. हा पुरावा वाचण्याची रीत एकदा हाती आली की ती कोणत्याही भूमीला लावता येते, मग ती भूमी समुद्राने वेढलेली असो वा नसो.

शंकाकार : याच उदाहरणातून उलटा निष्कर्षही निघतो. तीन प्रजातींना आधी तीन ठिकाणी ठेवले, नंतर एकत्र आणले. उद्या आणखी कोणी नवा पुरावा आणून त्यांना पुन्हा वेगळे करील. सालीला चिकटून राहणाऱ्या चपट्या प्रार्थना कीटकांची कथाही अशीच आहे. अमेरिका, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया येथील अशा कीटकांना पूर्वी लिटरगुसिडी या एकाच कुलात घातले होते. स्वेन्सन आणि मायकेल व्हायटिंग यांनी २००९ मध्ये दाखवले की, सालीवरचे जीवन वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे अनेकदा उत्पन्न झाले आहे आणि त्यांचे साम्य हे रक्ताचे नसून राहणीचे आहे. भारतात वृक्षांच्या बुंध्यांवर दिसणारी हम्बर्टिएला ही प्रजाती त्यामुळेच त्या जुन्या कुलातून बाहेर पडली. एवढ्या वेळा ज्या गटांची फेरमांडणी होते, त्यांना निसर्गाचे सत्य म्हणावे की अभ्यासकाच्या सोयीचे कप्पे म्हणावे? त्यातही ‘बेटावरची प्रजाती’ हे वर्णन पुरेसे खरे नाही, कारण गोनॅटिस्टाची एक जाती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, फ्लोरिडामध्येही राहते. जी प्रजाती बेटाशी एकनिष्ठ नाही, तिच्यावरून बेटाचा नियम कसा काढावा?

जिज्ञासू : फेरमांडणी झाली ती कोणाच्या लहरीने नव्हे, तर आधीची मांडणी पुराव्यासमोर टिकली नाही म्हणून. कप्पे सोयीचे असते तर ते चुकीचे ठरलेच नसते. सोय कधी खोटी ठरत नाही, विधान मात्र खोटे ठरू शकते. एका प्रजातीत दोन जाती ठेवणे म्हणजे त्यांचा पूर्वज एक होता असे विधान करणे, आणि ते विधान तपासता येते, यातच त्याचे मोल आहे. फ्लोरिडातील गोनॅटिस्टाचा मुद्दा तर या चर्चेचा गाभाच आहे. बेटाची कड समुद्राने ठरत नाही. ती त्या प्राण्याच्या शरीराने ठरते. प्रार्थना कीटकांच्या अनेक प्रजातींत नराचे पंख लांब असतात आणि तो रात्री उडतो, तर मादीचे पंख आखूड असतात किंवा मुळीच नसतात, आणि अंड्यांनी जड झालेले तिचे पोट तिला झाडाझुडपांवरून फार दूर जाऊ देत नाही. हा फरक कानापर्यंत पोचतो. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ मध्ये दाखवले की, या कीटकांना छातीच्या खालच्या बाजूस, मध्यरेषेवर एकच कान असतो आणि तो माणसाला ऐकू न येणारे, वटवाघळे सोडतात तसे श्रवणातीत ध्वनी टिपतो. ज्या जातींत मादी उडत नाही, तेथे तिचा हा कान बहुधा खुरटलेला आढळतो, कारण हवेत न उतरणाऱ्याला हवेतल्या शत्रूची चाहूल लागण्याची गरज उरत नाही. म्हणजे एकाच जातीच्या नराला जो ओढा ओलांडता येतो, तो मादीसाठी समुद्र ठरू शकतो.

शंकाकार : शरीर अंतर ठरवते, हे मान्य करता येईल. तरीही दख्खन हा खंडाचा भाग आहे. येथे प्रार्थना कीटकांनी हजारो वर्षे जमिनीवरूनच इकडून तिकडे जावे, एवढी सलग भूमी आहे. कोरड्या झुडपी रानात राहणारा, वाळक्या पानासारख्या अवयवांचा ‘गाँगिलस गाँगिलोडिस’ घेतला, ज्याचे वर्णन लिनियसने १७५८ मध्येच केले होते, तर तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही आढळतो, आणि त्याच्या कुलातील नातलग आफ्रिकेपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पसरले आहेत. हे बेटावर अडकून पडलेल्या जीवाचे चित्र नाही. मोकळ्या मुलखात पसरलेल्या घराण्याचे चित्र आहे. ज्या भूमीला बेट होण्याचा अनुभवच नाही, तिला बेटांचा अभ्यास लागू करणे म्हणजे उधार घेतलेल्या मापाने कापड बेतणे होय.

जिज्ञासू : या भूमीला बेट होण्याचा अनुभव आहे, आणि तो लहानसहान नाही. भारतीय भूखंड मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला. मधल्या काळात तो समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता, आणि त्याच प्रवासात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा बेसाल्ट खडक तयार झाला. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली आहेत आणि शहागंजच्या विहिरींचा तळ ज्याला लागतो, तो खडक अशा रीतीने उष्णकटिबंधातील एका महाकाय बेटावर थिजलेला खडक आहे. त्यामुळे मादागास्कर, श्रीलंका आणि दख्खन येथील प्रार्थना कीटकांची वंशावळ शेजारी ठेवून वाचणे हे उधारीचे माप नव्हे. जी भूमी एकेकाळी एकत्र होती आणि मग अलग झाली, तिच्या जीवांची ही एकमेकांशी जोडलेली कागदपत्रे आहेत.

शंकाकार : खडक बेटावर घडला म्हणून त्यावर आज चालणारा कीटक त्या बेटाचा वंशज ठरत नाही. लाव्हाच्या त्या प्रलयात पठारावरील किती जीव वाचले असतील, हाच मोठा प्रश्न आहे. आणि भूखंड आशियाला भिडल्यानंतर पश्चिमेकडून व पूर्वेकडून आलेल्यांची रीघ लागली असणार. आफ्रिकेत नातलग असणारा गाँगिलस त्या जुन्या बेटावरचा वारसदार आहे की नंतर आलेला पाहुणा, हे खडक सांगत नाही. ते जनुकांनीच सांगावे लागेल. तेव्हा भूगर्भाच्या इतिहासाला आजच्या प्राण्यांचे प्रमाणपत्र समजू नये. आणि समजा, ते सिद्ध झाले, तरी त्याचा आजच्या शहराशी संबंध काय? कोट्यवधी वर्षांच्या कालमानात शहागंजचे तीन-चारशे वर्षांचे आयुष्य मोजण्याइतकेही नाही.

जिज्ञासू : वंशाचा निवाडा जनुकांनी व्हावा, हे पूर्णपणे मान्य आहे. पण बेटांच्या अभ्यासात दोन घड्याळे आहेत. एक नव्या जाती घडण्याचे, जे लाखो वर्षांनी पुढे सरकते. दुसरे जाती येण्याचे आणि नाहीशा होण्याचे, जे काही महिन्यांत फिरते. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ च्या त्यांच्या ग्रंथात मांडले की, बेटावरील जातींची संख्या ही नव्याने येणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या जातींच्या तोलावर ठरते. बेट जितके दूर, तितके येणारे कमी, आणि जितके लहान, तितके नष्ट होणारे अधिक. त्याच सुमारास विल्सन आणि डॅनियल सिंबरलॉफ यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळील खारफुटीच्या सहा चिमुकल्या बेटांवर कीटकनाशक धुरी देऊन तेथील कीटक व कोळी संपवले आणि मग पुन्हा कोण येते ते पाहिले. वर्षाच्या आतच बहुतेक बेटांवर जातींची संख्या पूर्वीच्या जवळपास आली, सर्वांत दूरचे बेट मात्र मागे राहिले. हे दुसरे घड्याळ शहराला लागू पडते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या तटाच्या उत्तरेला हिमायत बाग आणि सलीम अली सरोवराचा परिसर आहे, वायव्येला बेगमपुऱ्यापलीकडे विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार डोंगराच्या पायथ्याला जाऊन मिळते, आणि नैर्ऋत्येला सिद्धार्थ उद्यान आहे. या हिरव्या तुकड्यांच्या मधोमध शहागंज, सराफा आणि सिटी चौकाची दाट वस्ती आहे. न उडणाऱ्या मादीच्या दृष्टीने पाहिले, तर ही बाजारपेठ म्हणजे द्वीपसमूहाच्या मधला समुद्र आहे.

शंकाकार : नेमक्या याच जागी उपमा आणि सिद्धान्त यांची गल्लत होते. समुद्रात प्रार्थना कीटक बुडतो. शहागंजमध्ये तो बुडत नाही. तेथे मशिदी, दर्गे, मंदिरे आणि कब्रस्ताने यांच्या आवारांत जुनी झाडे आहेत, गच्च्यांवर कुंड्या आहेत, नाल्याकाठी गवत आहे. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ पासून जंगलाच्या वेगवेगळ्या आकाराच्या तुकड्यांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्याने दाखवले की तुकड्यांमधली भूमी ही निर्जीव पोकळी नसते. तोडलेल्या जागी दुय्यम झाडोरा वाढला, की तुकड्यांतून गेलेले काही पक्षी परततात. म्हणजे तुकड्याचे भवितव्य त्याच्या क्षेत्रफळाइतकेच शेजारच्या जमिनीवर अवलंबून असते, आणि ही गोष्ट समुद्रातील बेटांच्या मूळ गणितात नव्हती. त्याहूनही साधा पुरावा असा की, पावसाळ्यानंतर बाजारातल्या दिव्यांवर प्रार्थना कीटक येऊन बसलेले दिसतात. जो कीटक दुकानाच्या दिव्यापर्यंत पोचतो, त्याच्यासाठी बाजार हा समुद्र आहे असे कसे म्हणता येईल? शिवाय ज्या सिंबरलॉफ यांच्या प्रयोगाचा दाखला दिला गेला, त्यांनीच लॉरेन्स एबेल यांच्यासह १९७६ मध्ये इशारा दिला होता की, एक मोठे अभयक्षेत्र अनेक लहान क्षेत्रांपेक्षा नेहमीच श्रेष्ठ असते, असा निष्कर्ष बेटांच्या सिद्धान्तातून निघत नाही.

जिज्ञासू : मधल्या भूमीविषयीचा आक्षेप वजनदार आहे, आणि ‘समुद्र’ हा शब्द त्यापुढे सौम्य करावा लागेल. शहागंजला समुद्र म्हणण्याऐवजी कमी-अधिक दुस्तर असा पट्टा म्हणावे, आणि तो किती दुस्तर आहे हे मोजावे. मात्र दिव्यावरचा पुरावा जे सिद्ध करतो असे वाटते, ते तो सिद्ध करत नाही. दिव्याकडे येणाऱ्या प्रार्थना कीटकांत बहुतांश नर असतात, कारण रात्री मादीच्या गंधाचा माग काढत उडणारे तेच असतात. नर पोचला म्हणजे वस्ती झाली असे नाही. वस्तीसाठी अंडी घालणारी मादी तेथे असावी लागते आणि तिची पिल्ले वाढून पुन्हा अंडी घालण्याइतकी जगावी लागतात. सुदैवाने मादी आपल्या उपस्थितीचा टिकाऊ दाखला मागे ठेवते. ती अंडी फेसाळ द्रवात घालते, तो द्रव वाळून कडक होतो आणि फांदीला, दगडाला किंवा भिंतीला चिकटलेले एक पुट तयार होते. त्यात जातीनुसार काही डझन ते काही शे अंडी असतात. पिल्ले बाहेर पडल्यानंतरही हे अंडपुट बराच काळ जागेवर राहते, आणि पानगळीनंतर उघड्या फांद्यांवर ते शोधणे सोपे जाते. त्याचा आकार व बांधणी प्रजातीनुसार वेगळी असल्याने बहुधा प्रजातीही ओळखता येते. म्हणून दिव्यांवरचे कीटक मोजणे आणि अंडपुटे मोजणे ही दोन वेगळी गणने आहेत : पहिली नरांची ये-जा सांगते, दुसरी वंशाचे टिकणे सांगते. पहिल्या गणनेत शहागंज जोडलेले आणि दुसऱ्या गणनेत तुटलेले दिसले, तर एकाच वस्तीत दोन भूगोल नांदत आहेत असे म्हणावे लागेल.

शंकाकार : अंडपुटाचा पुरावाही वाटतो तितका निर्दोष नाही. जे फांदीला चिकटते ते फांदीबरोबर प्रवासही करते. आशियातील हायरोड्युला या प्रजातीचे मोठे प्रार्थना कीटक गेल्या काही वर्षांत इटली, फ्रान्स अशा देशांत पसरले आहेत, आणि रोपांच्या व्यापारातून अंडपुटे पोचणे हा त्यामागील एक संभाव्य मार्ग मानला जातो. हवाई बेटांवर मूळचा एकही प्रार्थना कीटक नव्हता. आज तेथे आहेत ते माणसाबरोबर गेलेले आहेत. असे पाहुणे निरुपद्रवी असतातच असेही नाही. न्यूझीलंडमध्ये पोचलेल्या दक्षिण आफ्रिकी ‘मायोमँटिस काफ्रा’ या जातीच्या माद्यांचा गंध तेथील मूळ जातीच्या नरांना भुलवतो आणि ते नर त्यांचे भक्ष्य ठरतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तेव्हा शहागंजच्या एखाद्या गच्चीवर अंडपुट सापडले, तर ते हिमायत बागेतून आलेल्या मादीचे असेल किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवरचे असेल. एका निरीक्षणात दोन्ही सारखेच दिसतील. आणि पिकांवरील किडी खाणारा मित्रकीटक म्हणून एवढा खटाटोप करावा, असेही म्हणता येत नाही, कारण प्रार्थना कीटक किडी आणि परागण करणाऱ्या मधमाश्या यांत भेद करत नाही. समोर येईल ते तो पकडतो.

जिज्ञासू : उपयुक्ततेचा आधार येथे घेतलेलाच नाही, आणि तो सोडून देण्यात तोटाही नाही. प्रार्थना कीटक शेतकऱ्याचा पगारी राखणदार नाही. पण शिकारी असल्याने त्याचे टिकणे हे त्याच्याखालील कीटकांची साखळी शाबूत असल्याचे लक्षण आहे, आणि मादी दूर जात नसल्याने ते लक्षण त्या विशिष्ट जागेचे असते. पक्षी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाऊन उणीव झाकतो. न उडणारी मादी ती झाकू शकत नाही. कुंडीच्या शंकेवर उपाय आहे : एका वर्षाच्या नोंदीवर भिस्त न ठेवता त्याच जागी अनेक वर्षे अंडपुटे पाहावीत, रोपवाटिकांतून कोणत्या प्रजाती येतात याची वेगळी नोंद ठेवावी, आणि बागांतील व वस्तीतील कीटकांचे डीएनए ताडून पाहावे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. तीत ‘प्रार्थना कीटक आढळतो’ एवढी एक ओळ लिहिण्याऐवजी प्रजाती, लिंग, महिना आणि अंडपुटाची जागा लिहिली, तर पुढच्या पिढीला या वादाचा निवाडा करण्याचे साधन मिळेल.

शंकाकार : एवढ्या मर्यादेत मतभेद कमी होतो, पण मिटत नाही. नोंदी झाल्यानंतर समजा असे दिसले की उडणाऱ्या माद्यांच्या प्रजाती सर्वत्र आहेत आणि न उडणाऱ्यांच्या केवळ मोठ्या बागांत उरल्या आहेत, तर शहराने काय करावे? एकच मोठी बाग अबाधित राखण्यावर शक्ती लावावी, की जुन्या वस्तीतील आवारे, नाले आणि गच्च्या यांची साखळी जोडावी? साखळी जोडली, तर ती मूळ रहिवाशांइतकीच बाहेरून आलेल्या जातींनाही वाट देईल. बेटाचे तुटलेपण जातींना धोक्यात घालते, हे जितके खरे, तितकेच ते त्यांचे रक्षणही करते. गालापागिया किंवा कॅरिबियन प्रजाती वेगळ्या टिकल्या त्या अलगपणामुळेच.

जिज्ञासू : त्या अलगपणाला लाखो ते कोट्यवधी वर्षांची सवड होती, शहरातील तुकड्यांना ती नाही, आणि म्हणून तेथे अलगपणातून नवी प्रजाती घडण्याऐवजी आहे ती जाती नाहीशी होण्याचा संभव अधिक. तरीही साखळी सर्वांनाच वाट देते, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. यातून एवढेच निश्चित होते की ‘शहागंज हे बेटांमधले अंतर आहे का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तो प्रत्येक प्रजातीसाठी, आणि नर व मादी यांच्यासाठी वेगवेगळा विचारावा लागतो. ज्या जातींची मादी उडत नाही, त्यांच्याबाबत बाग राखणे हे पहिले कर्तव्य ठरते, कारण मूळ वस्ती गेली तर जोडायला काही उरणार नाही.

शंकाकार : पहिले कर्तव्य मान्य, दुसऱ्याविषयीची शंका कायम. साखळी जोडण्याआधी तिच्यावरून कोण चालत येईल, हे त्या नोंदींनी सांगितले पाहिजे. आणि त्या नोंदी पुरेशा होईपर्यंत बागेचा एखादा कोपरा हातचा जाणार नाही, याची हमी मात्र कोणताही सिद्धान्त देत नाही.